जुन्या होडीचा रंग

मांडवी आणि जुवारी या गोव्यातील दोन मोठ्या नद्या समुद्राला मिळण्याच्या कितीतरी आधीच खाऱ्या होतात. मांडवीत भरतीचे पाणी मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आत, गांजे गावापर्यंत चढते. त्यामुळे रायबंदर, चोडण, दिवाडी या बाजूच्या काठावर बांधलेल्या होडीला नदीची होडी म्हणावे की समुद्राची, हा प्रश्न पडतो. उन्हाळ्यात ओहोटीच्या वेळी अशा काठाने जाणाऱ्यास चिखलाच्या वर ओढून एका कुशीवर कलती केलेली एखादी जुनी होडी, तिला आधार दिलेले ओंडके, शेजारी रंगाचा डबा आणि तेलकट चिंध्या हे दृश्य अजूनही दिसते. पूर्वीइतके वारंवार नसले तरी दिसते. पाहणाऱ्याला तो शोभेचा उद्योग वाटतो. होडीचा धनी मात्र त्याकडे घराच्या शाकारणीसारखा पाहतो. वेळेवर झाली नाही, तर पुढचे वर्ष निभत नाही.

महेश्वरच्या घाटावरील नर्मदेतल्या नावा पाहिलेल्या वाचकाला याचे थोडे नवल वाटेल. तेथील नावाडीही आपल्या नावेला डांबर फासतो. परंतु त्याची लढाई मुख्यतः पाण्याशी, उन्हाशी आणि कुजण्याशी असते. खाऱ्या नदीतल्या होडीला याखेरीज दोन शत्रू अधिक आहेत. दोन्ही जिवंत आहेत आणि दोन्ही पाण्याखाली काम करतात. त्यांची ओळख करून घेतल्यावाचून कोणता रंग कोठे आणि कशासाठी, हे उमगत नाही.

पहिला शत्रू म्हणजे लाकूड पोखरणारा टेरेडो. लोक त्याला किडा म्हणतात, इंग्रजही त्याला जहाजाचा किडाच म्हणत आले. पण वस्तुतः तो किडा नाही. तिसऱ्या आणि कालवे ज्या कुळातली, त्याच कुळातला हा शिंपल्याचा जीव आहे. त्याचे शिंपले मात्र आखूड होऊन डोक्याशी राहिले आहेत, आणि त्यांचा उपयोग तो कानशीसारखा करतो. अगदी बालवयात, डोळ्यांस दिसणार नाही इतका लहान असताना, तो पाण्यात तरंगत येतो आणि उघड्या लाकडावर बसतो. टाचणीच्या टोकाएवढे भोक पाडून आत शिरला, की पुन्हा कधी बाहेर येत नाही. आत तो वाढतो, लाकूड किसून खातो आणि मागे आपल्या बोगद्याला चुन्याचे गुळगुळीत अस्तर लावीत जातो. त्याच्या कल्ल्यांत राहणारे सूक्ष्म जीवाणू लाकडाच्या पचनास लागणारे पाचक रस त्याला पुरवितात. एकेक प्राणी वीतभर, कधी हातभरही लांब होतो. विशेष असे की, शेजाऱ्याचा बोगदा जवळ आला तर तो आपली दिशा वळवितो. एक दुसऱ्याच्या घरात शिरत नाही. परिणामी फळी आतून मधाच्या पोळ्यासारखी होते, आणि वरून पाहणाऱ्याला मात्र ती धडधाकट दिसते.

या प्राण्याने मोठमोठ्यांना खिंडीत गाठले आहे. कोलंबसाच्या चौथ्या सफरीत त्याची उरलेली दोन जहाजे अशीच पोखरली गेली आणि १५०३ साली जमैकाच्या किनाऱ्यावर ती त्याला वाळूत चढवावी लागली. तेथे तो आणि त्याचे लोक वर्षभर अडकून पडले. १७३१ च्या सुमारास हॉलंडच्या समुद्रबांधांची लाकडी बाजू याच प्राण्याने खाल्ली, आणि डच लोकांना लाकडाऐवजी परदेशातून दगड आणून बांध मढवावे लागले. या अपकाऱ्याकडून उपकारही एक झाला. इंजिनियर मार्क ब्रूनेल याला, नदीच्या मऊ तळाखालून बोगदा कसा खणावा याची युक्ती या प्राण्याकडे पाहून सुचली, असे सांगतात. त्याने १८१८ साली तिचे पेटंट घेतले आणि लंडनच्या थेम्स नदीखालचा त्याचा बोगदा १८४३ साली खुला झाला. मांडवीकाठच्या होडीवाल्याला अर्थात या गोष्टीचे समाधान फारसे नाही.

दुसरा शत्रू बार्नकल. होडीच्या बुडाला, धक्क्याच्या खांबांना, खडकांना पांढऱ्या, टोकदार, लहानशा शंकूसारखी कवचे चिकटलेली असतात, ती याची. कवच पाहून हा शिंपल्याचा भाऊबंद वाटतो. परंतु नाते निराळे आहे. हा खेकडा आणि कोळंबी यांचा आप्त आहे. चार्ल्स डार्विनने १८४६ पासून १८५४ पर्यंत आठ वर्षे केवळ याच प्राण्यांच्या अभ्यासात घालविली. बार्नकल लाकूड खात नाही. तो फक्त बसतो. पण एकाचे शंभर होतात, बूड खरखरीत आणि जड होते, वल्हे मारणाऱ्याच्या खांद्यांना ते कळते, यंत्र असल्यास तेलाच्या खर्चात ते दिसते. शिवाय तो खरवडून काढताना रंगाचा पापुद्रा घेऊन निघतो, आणि तेवढीच उघडी जागा टेरेडोला पुरते.

या दोन्ही शत्रूंवर निसर्गाने एक उतारा ठेवला आहे: गोडे पाणी. पावसाळ्यात मांडवी इतकी फुगते की, मुखाजवळचे वरचे पाणीही जवळजवळ गोडे होते. टेरेडोला ते सोसत नाही. म्हणून होडी नदीत वर, गोड्या पाण्यात नेऊन काही आठवडे ठेवणे ही जगभरच्या नाविकांची जुनी रीत आहे. मात्र त्यालाही हिकमत ठाऊक आहे. पाणी गोडे झाले की तो आपल्या भोकाचे दार दोन चिमुकल्या झडपांनी बंद करून घेतो आणि बरेच दिवस आत दम धरून राहतो. चार दिवसांच्या गोड्या पाण्याने काम होत नाही, ते यामुळे.

माणसाचे उपाय यानंतरचे. पश्चिम किनाऱ्यावर जे हाताशी होते, त्यातूनच ते निघाले. तारलीचे तेल, मुशीच्या यकृताचे तेल, उंडीच्या बियांचे तेल, राळ, चुना. तेलात कालवलेला चुना बुडाला लेपून त्याचा जाड पांढरा थर देत असत. अरबी समुद्रातल्या जुन्या गलबतांची बुडे पांढरी दिसत, त्याचे कारण हेच. लेप रंगासारखा सुंदर नसे. पण तो कठीण होई, त्यात शिरण्यास टेरेडोच्या पिलाला वेळ लागे, आणि पोखरला गेला तरी लेप पोखरला जाई, फळी वाचे.

गोव्यात आणि दक्षिण कोकणात आणखी एक द्रव्य मिळाले ते काजूमुळे. काजूचे झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून सोळाव्या शतकात आणले. बोंडाची दारू झाली, गराचा व्यापार झाला; आणि टरफलातून जे काळेतांबूस, दाट, दाहक तेल निघते, ते होड्यांना आणि जाळ्यांना लागले. काजू हा आपल्या बिब्ब्याच्या कुळातला आहे, हे लक्षात घेतले की या तेलाचा गुण लगेच कळतो. बिब्बा उतला तर अंगावर फोड येतात; काजूच्या टरफलाच्या तेलानेही येतात. माणसाच्या कातडीला जे सोसत नाही, ते कुजविणाऱ्या बुरशीला आणि किडीलाही फारसे मानवत नाही. हे तेल लाकडात मुरते, हवेने हळूहळू घट्ट होते आणि लाकडाचा रंग गडद तपकिरी करून टाकते. कोकणी काठावरच्या जुन्या होड्यांचा तो काळपट तांबूस वर्ण असल्या तेलांनी आला आहे, डब्यातल्या रंगाने नव्हे.

येथे तेलांविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. खोबरेल तेल फळीवर कितीही लावले, तरी ते वाळत नाही; वर्षभराने बोट लावले तरी बोटाला तेल लागते. जवसाचे, म्हणजे अळशीचे, तेल मात्र काही दिवसांत वाळून कातडीसारखे होते. वाळणे हा शब्द येथे खरा लागू नाही. तेलातून काही उडून जात नाही. उलट तेल हवेतला प्राणवायू शोषून घेते आणि त्याचे कण एकमेकांत गुंफले जाऊन पापुद्रा बनतो. तारलीच्या तेलातही हा गुण बऱ्याच अंशी आहे, खोबरेलात नाही. तेलरंगाचे सारे शास्त्र या एका फरकावर उभे आहे. याच क्रियेत उष्णता उत्पन्न होते. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून झोपडीच्या कोपऱ्यात टाकला, तर ती उष्णता आत कोंडते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. अशा चिंध्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात. होडी रंगवून झोपडी गमावण्यात काही हशील नाही.

या वाळणाऱ्या तेलात शेंदूर कालविला की होडीचा जुना तांबडा रंग तयार होतो. मारुतीच्या मूर्तीवर जो शेंदूर चढतो, तोच हा. तो शिशाची भस्मे करून बनवितात. शिसे आणि जवसाचे तेल यांचा संयोग होऊन चिवट, पाणी न धरणारा थर होतो, म्हणून लोखंडी खिळ्यांवर आणि फळ्यांवर पहिला हात शेंदराचा देण्याची पद्धत पडली. पांढऱ्यासाठी सफेता असे, तोही शिशाचाच. हे दोन्ही रंग टिकाऊ आहेत आणि दोन्ही विषारी आहेत. विष अंगात जाते ते रंग लावताना जितके, त्याहून अधिक तो खरवडताना. जुन्या होडीवर बापाने, आजाने दिलेले थर असतात. कोरड्या पत्र्याने ते घासले की धूळ उडते, ती श्वासातून आणि हातांतून जाते. आणि शिशाचा घात प्रौढांपेक्षा लहान मुलांच्या मेंदूवर अधिक होतो. होडी खरवडण्याच्या कामाला मुले मोठ्या हौसेने जमतात. त्यांना त्या दिवशी दूर ठेवावे, पृष्ठभाग पाण्याने भिजवून मग खरवडावा, आणि पडलेले पापुद्रे चिखलात न सोडता गोळा करावेत. भारतात घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपलीकडे असू नये, असा नियम २०१६ साली झाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून त्या मर्यादेवरील रंगांच्या विक्रीला बंदी आली. पण नियम नव्या डब्याला लागतो. होडीवर चढून बसलेल्या जुन्या थराला तो लागत नाही.

डांबराचीही कथा अशीच आहे. दगडी कोळशापासून निघणारे डांबर एकोणिसाव्या शतकात स्वस्त झाले आणि नदीकाठी पोचले. ते चांगले मुरते, पाणी थोपविते, स्वस्तही पडते. पण १९१५ साली जपानात यामागिवा आणि इचिकावा या दोघा संशोधकांनी सशांच्या कानांना महिनोन्‌महिने कोळशाचे डांबर लावून तेथे कर्करोग उत्पन्न करून दाखविला. उघड्या हातांनी आणि उघड्या पोटऱ्यांनी डांबर फासणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

तांब्याचा शोध हा या विषयातला सर्वांत मनोरंजक भाग आहे. इंग्रजांच्या आरमाराने १७६१ साली ‘अलार्म’ नावाच्या लढाऊ जहाजाचे बूड तांब्याच्या पत्र्याने मढविले. १७६३ साली जहाज तपासले तेव्हा टेरेडो नाही, बार्नकल नाही, बूड स्वच्छ. परंतु पत्रा बसविणारे लोखंडी खिळे बऱ्याच जागी खाऊन गेले होते. तांबे आणि लोखंड खाऱ्या पाण्यात एकत्र आले, की विजेच्या घटासारखी क्रिया सुरू होते आणि लोखंड झिजते. ज्या ठिकाणी पत्र्याखालचा वेष्टनाचा कागद चुकून तसाच राहिला होता, तेथले लोखंड शाबूत होते! पुढे १८२४ साली हम्फ्री डेव्हीने याच क्रियेचा उलटा उपयोग केला. त्याने तांब्याला लोखंडाचे लहान तुकडे जोडले. लोखंड झिजले आणि तांबे अगदी नव्यासारखे राहिले. त्याला वाटले, प्रश्न सुटला. पण त्या न झिजणाऱ्या तांब्यावर शेवाळ आणि बार्नकल खुशाल वाढू लागले. तेव्हा उमगले की, तांबे जहाजाला वाचविते ते स्वतः थोडे थोडे विरघळूनच. ते विरघळणारे तांबेच त्या जीवांना विष होते.

आज दुकानात होडीच्या बुडासाठी जो खास रंग मिळतो, तो याच तत्त्वावर चालतो. त्यात बहुधा तांब्याचे तांबूस भस्म असते आणि ते हळूहळू पाण्यात सुटते. बुडाचा रंग इतक्या वेळा तांबडा किंवा विटकरी का, याचे उत्तर त्या भस्मात आहे. असा रंग पाण्याच्या रेषेवर लावणे म्हणजे पैसे वाया घालविणे. कारण तेथे तो विरघळतही नाही आणि तेथे बार्नकलही नसतो. वरच्या अंगाला ऊन सोसणारा रंग हवा. या दोन रंगांमधली रेघ होडीवर सरळ ओढलेली दिसते, ती केवळ टापटिपीसाठी नसते.

विरघळणारे विष नदीत जाते कोठे, हा प्रश्न मागाहून विचारला गेला. १९६० नंतर कथिलाचे एक सेंद्रिय संयुग, ट्रायब्युटिलटिन, बुडाच्या रंगांत आले. त्याच्यासारखे परिणामकारक दुसरे काही नव्हते. थोड्याच वर्षांत फ्रान्समधील आर्काशाँच्या उपसागरातली कालवे बिघडू लागली. त्यांची कवचे जाड आणि वेडीवाकडी होऊ लागली, पिले जगेनात. गोगलगायींच्या काही सागरी जातींत माद्यांना नराची इंद्रिये फुटू लागली. फ्रान्सने १९८२ साली लहान होड्यांवर या रंगाला बंदी घातली. आंतरराष्ट्रीय करार २००१ साली झाला आणि २००८ साली अमलात आला. गोव्याच्या नद्यांच्या दृष्टीने ही दूरची वार्ता नाही. जुवारीत चिखलीच्या बाजूला पातळ, अभ्रकासारख्या पारदर्शी शिंपल्यांची वस्ती आहे. जुन्या गोमंतकीय घरांच्या खिडक्यांना काचेच्या जागी हेच शिंपले बसवीत. ज्या चिखलात होडी रंगविली जाते, त्याच चिखलातून तिसऱ्या वेचून घरी कालवण होते. तेव्हा रंगाचा उरलेला डबा ओहोटीत उपडा करणे हे आपल्याच ताटात विष ओतण्यासारखे आहे. अनेक काठांवर आजही ते सर्रास होते.

आता प्रत्यक्ष काम. होडी वर काढायची ती उधाणाच्या भरतीला, म्हणजे अमावास्या किंवा पौर्णिमा यांच्या सुमारास. कारण तेव्हाच पाणी काठावर सर्वांत वर येते. ते ओसरून पुढे भांगाची भरती लागली, की पाणी होडीपर्यंत पोचत नाही आणि कोरडे दिवस मिळतात. बूड ओले असतानाच खरवडावे, वाळलेला बार्नकल दगडासारखा होतो. जुन्या काळी झावळ्यांचा किंवा गवताचा हलका जाळ बुडाखाली फिरवीत. त्याने जुना लेप मऊ होऊन सुटे आणि वरच्या थरातले टेरेडो मरत. जळू नये पण शेकावे, ही कला ज्याच्या हातात असे, त्याला मान असे.

त्यानंतर तपासणी, आणि जुन्या होडीच्या बाबतीत हीच खरी महत्त्वाची. फळीवर हातोडीने ठोकत जावे. घट्ट लाकूड खणखणीत बोलते, पोखरलेले बद्द वाजते. शंका आल्यास आरीचे टोक दाबून पाहावे. विशेषेकरून पठाण, म्हणजे तळाचा कणा, आणि नाळेचा खालचा भाग पाहावा. बहुतेक जण बाहेरचे अंग पाहतात आणि आतले विसरतात. परंतु जुन्या होड्या समुद्राच्या पाण्याने जितक्या कुजतात, त्याहून अधिक पावसाच्या पाण्याने कुजतात. कुजविणारी बुरशी गोड्या ओलाव्यावर पोसते. लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर तिला वाढता येत नाही. पावसाळ्यात होडीत साचलेले पाणी आणि त्यावर पडलेला पाला तिला हवे ते सर्व देतात. म्हणून झावळ्यांच्या छपराखाली ठेवलेल्या होडीला दोन्ही टोकांकडून वारा लागेल, अशी सोय हवी.

ओल्या लाकडावर रंग देणे ही सर्वांत सामान्य चूक होय. उन्हात तापताच आतल्या पाण्याची वाफ बाहेर पडू पाहते, वाट नसते, आणि रंगाला फोड येतात. फोड फुटला की तेथेच पुन्हा कीड. याहून वाईट म्हणजे, आतून बाहेरून जाड रंग चढवून ओल कोंडून टाकणे. वरून होडी नवरीसारखी दिसते, आणि फळी आतल्या आत मऊ होत जाते. जुन्या लाकडी होडीवर फायबरग्लासचा थर चढविण्याचा प्रघात अलीकडे पडला आहे. तोही नीट वाळलेल्या, निरोगी लाकडावरच उपयोगी पडतो. कोची येथील केंद्रीय मत्स्य तंत्रविज्ञान संस्थेने रबराच्या झाडाच्या स्वस्त लाकडाला आधी रसायने मुरवून, मग फायबरग्लासने मढवून लहान होड्या तयार केल्या. त्यात क्रम महत्त्वाचा आहे, आधी औषध, मग आच्छादन. संपूर्ण फायबरग्लासच्या होडीला टेरेडो लागत नाही, हे तिच्या झपाट्याने झालेल्या प्रसाराचे एक कारण. बार्नकल मात्र तिलाही सोडीत नाही.

सांध्यांतला जुना कापूस सैल झाला असल्यास काढून, तेलात भिजविलेला नवा कापूस ठोकून बसवितात, त्यावर राळ व तेल यांचा लेप देतात. मग रंगाचा पहिला हात पातळ, म्हणजे तो लाकडात मुरेल, पुढचे दाट. प्रत्येक हात वाळू द्यावा. घाईने चढविलेला दुसरा हात पहिल्याला हवा मिळू देत नाही आणि खालचा थर महिनाभर चिकट राहतो. सकाळचे दव उडाल्यावर आरंभ करावा आणि खाऱ्या वाऱ्याचा ओलावा उतरण्यापूर्वी थांबावे. उन्हाने तापलेल्या फळीवर ब्रश फिरवू नये.

होडी पुन्हा पाण्यात जाते ती पुढच्या उधाणाला. सांगोडाच्या दिवशी, २९ जूनला, जोडून बांधलेल्या होड्या असोत की नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केलेल्या असोत, ताज्या रंगाने त्या दिवशी सगळ्याच देखण्या दिसतात. जुनी होडी मात्र पहिल्या दिवशी हटकून गळते. उन्हात आकसलेल्या फळ्या पाणी पिऊन फुगेपर्यंत सांधे मिटत नाहीत; त्याला एक रात्र लागते, कधी दोन. जाणता धनी त्या रात्री तिला काठाशी उथळ पाण्यात बांधतो, आत एक करवंटी आणि एक डबा ठेवतो, आणि घरातल्या कोणाला तरी अधूनमधून पाणी उपसायला बसवितो.